कुंकू नसलेला चौकोन

१

साहेब, चौकशी तुम्ही केलीच नाहीत. तुम्ही फक्त माणूस निवडलात.

प्रदर्शनाच्या ऑफिसात तुम्ही बसलेले होतात आणि आम्ही चौघं उभे होतो. चटणीवाली भामाताई, तिच्या शेजारच्या गाळ्यातले प्रतापराव, पाटी छापणारा मी, आणि त्या पाटीवरचा क्यूआर कोड बनवणारा गौतम. तिघांना तुम्ही नुसतं नाव विचारलंत. गौतमला मात्र 'पूर्ण नाव?' म्हणालात. त्यानं 'गौतम भालेराव' सांगितलं आणि तुमचा आवाज बदलला. माझे कान अजून शाबूत आहेत, साहेब. पुढचं सगळं त्या बदललेल्या आवाजात झालं.

घडलं ते असं. जानेवारीतली संध्याकाळ, प्रदर्शन गर्दीनं फुललेलं. बरकतपुऱ्याच्या अलकाबाई भामाताईच्या गाळ्यावर आल्या. त्यांना शेंगदाणा म्हणजे विष. एक दाणा पोटात गेला तरी घसा सुजतो, श्वास अडकतो. म्हणून ही बाई कुठंही काही तोंडात घालण्याआधी घटक वाचते. गाळ्यावर पाटी होती, पाटीवर कोड होता, वर लिहिलेलं होतं, 'चटणीत काय आहे ते पाहा.' अलकाबाईंनी फोन धरला, वाचलं, समाधान झालं. मग भामाताईनं बरणीतली कारळाची चटणी भाकरीच्या तुकड्यावर घालून त्यांच्या हातावर ठेवली.

त्या चटणीत शेंगदाण्याचं कूट असतं. भामाताईच्या सासूपासून असतं. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात तसं छापलेलंही आहे. पण चव घेणारं माणूस पाकीट उलटून बघत नाही. त्यासाठीच तर पाटी होती.

अलकाबाई गाळ्यासमोरच कोसळल्या. ओठ सुजले, आवाज बंद झाला. देवाची म्हणा, नाहीतर त्या रस्त्यावरच्या रिक्षावाल्याची कृपा म्हणा, दवाखाना वेळेवर गाठला. वाचल्या.

शुद्धीवर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "पाटीवर शेंगदाणा नव्हता."

तुम्ही पाटी जप्त केलीत, भामाताईचा गाळा बंद केलात. त्यांचा फोनही 'पुरावा' म्हणून ठेवून घेतलात. आणि निकाल दिलात: पाकिटावर शेंगदाणा आहे, कोडमध्ये नाही, म्हणजे कोड बनवणाऱ्यानं चूक केली. सोमवारपर्यंत गौतमनं माफीनामा सही करून द्यावा, नाहीतर निष्काळजीपणानं जीव धोक्यात घातला म्हणून पोलिसांत तक्रार.

गौतम एकच वाक्य बोलला. "साहेब, मी शेंगदाणा लिहिला होता."

तुम्ही हसलात.

२

गौतमचा धंदा नीट समजून घ्या, कारण तुम्ही तो समजून घेतला नाहीत.

नोटाबंदीनंतर आपल्या हैदराबादेत पानटपरीपासून मोत्यांच्या दुकानापर्यंत सगळीकडं काळे-पांढरे चौकोन उगवले. ते पैसे घ्यायचे कोड. गौतम दुसरेच कोड करायचा. त्याचे आजोबा परभणीकडून रेल्वेत खलाशी म्हणून आले, वडील रेल्वेतच क्लार्क झाले, आणि हा संगणक शिकून दुकानोदुकानी फिरायला लागला. दुकानदाराला विचारायचा, तुमचं गिऱ्हाईक सारखं सारखं काय विचारतं? शिंप्याला विचारतात, कापड किती लागेल. वैद्याला विचारतात, काढा जेवणाआधी की नंतर. ते उत्तर तो कोडमध्ये भरायचा. वेबसाइट नाही, नेट नाही, दरमहा भाडं नाही. मजकूर थेट त्या चौकोनाच्या पोटात. त्यामुळं त्याचे कोड दाट असायचे, मुंग्यांचं वारूळ उघडल्यासारखे. मी त्याला म्हणायचो, बाबा, एवढं बारीक छापताना माझी शाई रडते.

भामाताईचा कोड असाच झाला. माझा छापखाना काचीगुड्याला, स्टेशनच्या मागच्या गल्लीत. चौकटीत बसवायचा पाटीचा कागद मी छापून काढला तो दिवस खंडेनवमीचा. मशीन धुऊन, झेंडू बांधून पूजा मांडलेली होती. भामाताई आली, तिनं मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि त्याच हातानं नव्या कागदावरच्या कोडलाही कुंकवाचं बोट टेकवलं. तिच्या घरी अवजाराला कुंकू लावल्याशिवाय काम सुरू होत नाही. माहेरी नांगराला लावायची, इथं कोडला लावलं.

लावल्यावर तिच्या लक्षात आलं की गौतम बाजूला उभा आहे. त्याच्या घरात धम्मदीक्षेनंतर ही पूजाअर्चा नाही. ती ओशाळली. तो म्हणाला, "लावा ताई, फक्त तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन सोडा. मधे थोडं माखलं तरी कोड वाचता येतो." आणि तिथंच फोन धरून वाचून दाखवला. पहिलाच शब्द होता शेंगदाणा.

ते मी माझ्या डोळ्यांनी वाचलं होतं. म्हणून तुमच्या ऑफिसातून बाहेर पडताना माझं डोकं फिरलेलं होतं. छापलेला कागद स्वतःहून शब्द गाळत नाही. मग शेंगदाणा गेला कुठं?

त्याच रात्री मी नल्लकुंट्याला इंदुताईंकडं गेलो.

३

इंदुताई म्हणजे सिकंदराबादला रेल्वेच्या दाव्यांच्या ऑफिसातल्या. कोणाची पेटी फुटली, कोणाचं गाठोडं बदललं, तांदळाच्या पोत्यात कोंडा निघाला, की दावा त्यांच्या टेबलावर. निवृत्त झाल्या तरी जिभेची धार काही निवृत्त झालेली नाही.

माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चोर कोण, हे विचारतोस म्हणून तुला काही सापडत नाही. माल वाटेत कुठं हात बदलतो ते विचार. जिथं हात बदलतो तिथंच पोतं बदलतं."

मी म्हटलं, इथं पोतं नाही, कागद आहे.

"मग कागदानं प्रवास केला नाही का?"

पहिल्यांदा गौतमला बोलावलं. त्यानं लॅपटॉपवरची मूळ फाइल दाखवली. कोड वाचला, शेंगदाणा होता. इंदुताईंनी मान हलवली. म्हणाल्या, हा पुरावा नाही, कालही भरता आला असता. गौतमचं तोंड एवढंसं झालं. काचीगुड्याच्या तीन दुकानदारांनी त्याला 'सध्या राहू दे' असं कळवलंही होतं. राहू दे म्हणजे काय, ते त्याला कळतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरवरून आम्ही बरकतपुऱ्याला अलकाबाईंकडं गेलो. बाई अजून अशक्त होत्या, पण स्मरण पक्कं. जन्मभर घटक वाचून जगलेलं माणूस. त्यांनी डोळे मिटून सांगितलं: वर इंग्रजीत नुसतं 'चटणी', खाली कारळं, लसूण, लाल मिरची, जिरं, मीठ. संपलं.

"लगेच उघडलं?" इंदुताईंनी विचारलं.

"कुठलं लगेच. गर्दीत रेंज नव्हती. ते चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं. मग मोबाइल नंबर मागितला. मी माझा नंबर कुठंच देत नाही. यांचा दिला. मग उघडलं."

कोपऱ्यात बसलेले त्यांचे यजमान वैतागून म्हणाले की त्या दिवसापासून त्यांना शमशाबादचे प्लॉट, सोफासेट आणि लग्नाचे हॉल यांच्या जाहिरातींनी भंडावून सोडलंय. "मैं इस उम्र में किसका शादी करूं?"

सगळे हसले. मी हसलो नाही.

कारण गौतमच्या कोडला नेट लागत नाही. तो नंबर मागत नाही. निदान तो आम्हाला तसं सांगत आला होता. मग हा नंबर मागणारा कोड कोणाचा? पाटी मी छापलेली, पण कोड त्याचा. म्हणजे आम्हाला एक दाखवून त्यानं पाटीवर दुसराच लावला? लोकांचे नंबर गोळा करून विकायला?

स्कूटरला किक मारताना मी हे इंदुताईंना बोलून दाखवलं. ज्या पोरासाठी मी धावत होतो, त्याच्यावरच माझा संशय गेला होता.

त्या म्हणाल्या, "तुझं डोकं गरगरतंय ते ठीक आहे. पण स्कूटर सरळ चालव."

४

प्रतापराव हे संशयासाठीच जन्माला आलेले गृहस्थ. तेही कारळाची चटणी विकतात, पण बिनशेंगदाण्याची. मिशा, आवाज आणि ओळखी, तिन्ही मोठ्या. भामाताईच्या चटणीपुढं त्यांची चटणी चालत नाही, हा त्यांचा जुना सल.

आम्ही गाळ्यावर पोचलो तर त्यांनीच आमच्यावर तोफ डागली. भामाबाईनं आपली बदनामी केली, म्हणाले. प्रदर्शन सुरू झाल्यापासून गिऱ्हाईक यायचं, आपल्या पाटीवर फोन धरायचं आणि 'नक्को, इसमें पल्ली है' म्हणून निघून जायचं. पल्ली म्हणजे शेंगदाणा. "माझ्या चटणीत पल्लीचं टरफलसुद्धा नाही! कोण सांगतंय लोकांना? तीच सांगत असेल."

"अजूनही लोक तसं म्हणतात?" इंदुताईंनी विचारलं.

प्रतापरावांनी मिशीवरून हात फिरवला. नाही, म्हणाले, ती बाई पडल्यानंतर बंद झालं. आता ठीक चाललंय.

मला वाटलं, चालणारच. शेजारचा गाळाच बंद पाडलाय ना.

त्यांचा गाळा कोपऱ्याचा, दोन्ही बाजूंनी गर्दी. इंदुताईंनी सहज विचारावं तसं विचारलं की कोपरा चिठ्ठीत निघाला काय. तेव्हा कळलं की चिठ्ठीत तो भामाताईला निघाला होता. उद्घाटनाच्या आदल्या रात्री प्रतापरावांनी वर सांगून अदलाबदल करून घेतली. लपवलंही नाही. "हौ, घेतला. ओपन मार्केट आहे, ताई. ज्याची ओळख त्याचा कोपरा."

साहेब, तुमच्या उद्घाटनाच्या भाषणातला शब्द बघा कसा खाली झिरपला. खुली बाजारपेठ.

आणि उद्घाटनाच्या सकाळी भामाताईच्या पाटीला हात कोणी लावला होता? तेही यांनीच. म्हणाले, ऑफिसातून सगळ्यांच्या पाट्या परत आल्या, तिची माझ्या टेबलावर ठेवून गेले होते, मी उचलून तिच्याकडं सरकवली. उपकार केला.

मला माझा चोर सापडला होता. हेतू होता, संधी होती, मिशाही होत्या. इंदुताईंनी मात्र एकच गोष्ट विचारली. पाट्या ऑफिसात कशाला गेल्या होत्या?

"गाळ्याच्या नंबराची पट्टी लावायला. सगळ्यांच्याच गेल्या. रात्रभर तिथंच होत्या."

५

त्या संध्याकाळी भामाताईच्या घरी गेलो तर दार उघडणाऱ्या प्रणिताचे, म्हणजे तिच्या मुलीचे, डोळे लाल होते. नुकताच तुमचा माणूस येऊन गेला होता, साहेब. निरोप तुमचाच होता. 'कोड गौतमनं चुकवला, आम्हाला माहीत नव्हतं' एवढं भामाताईनं लिहून द्यायचं. मग गाळा उद्याच उघडा.

प्रणिताचं म्हणणं होतं की लिहून द्यावं. वर्षभराचा माल खोलीत भरून पडलाय, कामाच्या सहा बायका घरी बसल्यात. आणि चूक कोणाची तरी आहेच ना. पोरीला दोष देता येत नाही.

भामाताई नुसती बसलेली. तिनं हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

इंदुताईंनी विचारलं, "भामा, गाळ्यावर होती ती पाटी तुझीच?"

"माझीच." मग थोडं थांबून, खाली बघत, "म्हणजे, माझीच की."

"थांबलीस का?"

"काही नाही, अक्का. उगंच."

तिथून गौतमकडं. त्यालाही तोच प्रश्न. तो उद्घाटनाच्या संध्याकाळी गाळ्यावर आला होता, पाटी त्यानं पाहिली होती. स्कॅन केली नव्हती. एकदा छापून तपासलेला कोड परत कशाला तपासायचा? तोही म्हणाला, पाटी तीच. आणि तोही थांबला. ओठांवर काहीतरी आलं ते त्यानं गिळलं.

ही दोघं मिळून काही लपवत होती की काय?

परत येताना इंदुताई स्कूटरच्या मागच्या सीटवर इतका वेळ गप्प होत्या की उतरल्या की काय, असं वाटून मी मागं वळून पाहिलं.

"दोघंही एकाच ठिकाणी थांबले," त्या म्हणाल्या. "खोटं बोलणारे असे एकाच ठिकाणी थांबत नाहीत. हे खोटं नाही, सुधीर. ही लाज आहे. उद्या सगळ्यांना छापखान्यात बोलाव. प्रतापरावांनाही. आणि प्रणिताला सांग, उद्घाटनाचे फोटो घेऊन ये."

६

रविवार होता. छापखाना बंद, मशीन गार. भामाताई, प्रणिता, गौतम, प्रतापराव, सगळे कागदाच्या गठ्ठ्यांवर बसले. प्रतापराव सारखे घड्याळ बघत होते. सोमवार दुसऱ्या दिवशी होता, आणि माफीनाम्याचा कागद गौतमच्या खिशात घडी करून होता. सही करावी की नाही, हे त्यानं आईलाही विचारलं नव्हतं.

प्रणितानं उद्घाटनाचा फोटो मोठा करून दाखवला. भामाताई नव्या साडीत, पुढं बरण्या, मधोमध पाटी. पाटीवर भामाताईचं नाव, बरणीचं चित्र, कोड, सगळं जागच्या जागी. माझीच मांडणी. कागद पांढरा स्वच्छ.

इंदुताईंनी फोन भामाताईसमोर धरला.

"भामा, कुंकू कुठं गेलं?"

भामाताईनं पदर हातात घेतला आणि गौतमकडं न बघता, अगदी हळू आवाजात सांगितलं की पाटी परत आली तेव्हा तिच्या लक्षात आलं होतं. तिला वाटलं, गौतमनं दुसरा कागद काढून घेतला. त्याच्या कामावर त्याला कुंकू नको असेल. बरोबरच आहे. आपण विचारून त्याला अवघडवायचं कशाला? म्हणून ती गप्प राहिली.

गौतम गठ्ठ्यावरून उठला.

"ताई, मी नाही काढला. मला वाटलं तुम्ही काढलात. माझ्यासाठी." तो तिच्यासमोर येऊन बसला. "मला वाटलं, एवढं मनावर घेतलं ताईंनी. मला बरंही वाटलं आणि वाईटही वाटलं. बोलून दाखवलं तर तुम्हाला वाटेल, मी हिशेब ठेवतो."

दोघं एकमेकांचं मन जपत बसली, साहेब. दोघांपैकी एक जरी उद्धट असतं, तरी पहिल्याच दिवशी सगळं उघड झालं असतं.

इंदुताई माझ्याकडं वळल्या. "तू किती काढलेस?"

"एक," मी म्हटलं. "एकच. आणि त्यावर लॅमिनेशन नव्हतं. ओलं कुंकू थेट कागदात शिरलं होतं. पुसलं तरी डाग राहतोच."

"मग हा फोटोतला कागद तुझा नाही."

मी फोटो जवळ घेतला. आतापर्यंत मी माझी मांडणी बघत होतो, कोड बघितलाच नव्हता. गौतमचा कोड मुंग्यांचं वारूळ होता. हा विरळ होता, टपोऱ्या चौकटींचा. माझी शाई यासाठी रडली नसती.

"पण मांडणी तुझीच कशी?" प्रतापराव पहिल्यांदा काळजीनं म्हणाले.

कारण प्रदर्शनाच्या स्मरणिकेसाठी म्हणून ऑफिसनं प्रत्येकाकडून पाटीची फाइल मागवली होती. मी पाठवली. प्रतापरावांच्या छापणाऱ्यानंही पाठवली होती.

७

"फोटोतला कोड वाचता येतो?" इंदुताईंनी गौतमला विचारलं.

येतो, म्हणाला. कोड कागदावर असो की फोटोत, फोनला सारखाच. त्यानं स्वतःच्या फोनचा कॅमेरा प्रणिताच्या फोनवर धरला. चक्र फिरलं. मोबाइल नंबर मागितला. इंदुताईंनी फोन हातात घेतला आणि पर्समधली प्रदर्शनाची पावती काढून त्यावरचा तुमच्या ऑफिसचा नंबर घातला.

"येऊ देत त्यांनाही सोफासेटच्या जाहिराती."

पान उघडलं. वर इंग्रजीत 'चटणी'. खाली पहिलाच शब्द: शेंगदाणा.

शेंगदाणा तर होता! मग अलकाबाईंनी चुकीचं वाचलं? एवढी मरणाच्या दारात जाऊन आलेली बाई खोटं बोलली? प्रणिता म्हणाली, बघा, म्हणजे पाटी बरोबरच होती. प्रतापराव म्हणाले, मग माझ्यावर कशाला संशय? मला तर काही म्हणजे काही समजेना.

इंदुताईंनी गौतमला फोनचं नेट बंद करायला सांगितलं आणि म्हणाल्या, परत वाच.

चक्र फिरत राहिलं. काही उघडलं नाही.

"आता लॅपटॉपवरचा तुझा वाच."

नेट बंदच होतं. फोन धरताक्षणी मजकूर आला. शेंगदाणा, कारळं, लसूण.

"दाव्यांच्या ऑफिसात एक गोष्ट शिकले," इंदुताई म्हणाल्या. "पोत्यावर चिठ्ठी शिवलेली असते. पोतं कुठंही गेलं तरी चिठ्ठी तीच. गौतमचा कोड म्हणजे तशी चिठ्ठी. ती बदलत नाही. आणि हा दुसरा कोड म्हणजे 'अमुक खोलीत जाऊन फळा वाचा' असा निरोप. निरोप तोच राहतो. पण फळ्यावर आज एक, उद्या दुसरं लिहिता येतं. आता सांगा, हा फळा कोणाचा?"

गौतमनं नेट चालू केलं, पान परत उघडलं आणि वरचा पत्ता वाचला. त्यात प्रदर्शनाचंच नाव होतं. शेवटी एक आकडा, बारा.

"बारा म्हणजे कोपऱ्याचा गाळा," प्रतापराव म्हणाले, आणि त्यांची मिशी खाली आली. "माझा. आधी हिचा."

मग सगळं भराभर जुळलं. नंबराची पट्टी लावायच्या निमित्तानं रात्रभर पाट्या ऑफिसात. चौकटीतला कागद काढून त्याच मांडणीचा दुसरा घातला, कोड मात्र ऑफिसचा. त्या कोडनं आधी लोकांचा नंबर घ्यायचा, मग घटक दाखवायचे. नंबर जाहिरातवाल्यांना. भामाताईचा कोड गेला बारा नंबरच्या पानावर, कारण तोवर बारा तिचा होता, आणि प्रतापरावांचा गेला शेजारच्या तेराच्या पानावर. त्याच रात्री प्रतापरावांनी कोपरा घेतला. ऑफिसात कोणीतरी बारा नंबरच्या पानावर प्रतापरावांचे घटक चढवले आणि तेरावर भामाताईचे. पण पाट्या मालकांबरोबर गेल्या. भामाताईच्या पाटीवर प्रतापरावांची बिनशेंगदाण्याची चटणी, प्रतापरावांच्या पाटीवर भामाताईची पल्ली.

"म्हणून माझी गिऱ्हाइकं पळत होती," प्रतापराव पुटपुटले. मग भामाताईकडं बघून म्हणाले, "भामाबाई, मी तुम्हाला फार बोललो."

"मिशीतल्या मिशीत बोलला असता तर चाललं असतं," भामाताई म्हणाली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदाच हसत होती.

पण माझं डोकं अजून एका जागी अडकलं होतं. चूक होती तर आज पान बरोबर कसं?

इंदुताईंनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं त्या कोंडा भरलेल्या पोत्याकडं पाहत असतील.

"कारण अलका पडल्यावर कोणीतरी ते दुरुस्त केलं. प्रतापराव काय म्हणाले? ती पडल्यानंतर बंद झालं. पान बदलायला किल्ली लागते, आणि ती ऑफिसकडं आहे. गौतमकडं कधीच नव्हती. म्हणजे ज्यानं दुरुस्त केलं, त्याला चूक कोणाची ते माहीत होतं. माहीत असून त्यानं गौतमला माफीनामा लिहायला सांगितला."

गौतमनं खिशातून तो कागद काढला. फाडेल असं मला वाटलं. त्यानं फाडला नाही. घडी उलगडून त्यानं तो माझ्या मशीनवर पालथा ठेवला, कोऱ्या बाजूनं वर. म्हणाला, "सुधीरभाऊ, पाठकोरा आहे. कच्च्या छपाईला वापरा."

भामाताईनं लिहून काहीही दिलं नाही. तुमचा माणूस पुन्हा आला तेव्हा प्रणितानंच त्याला दारातून परत पाठवलं.

८

साहेब, सोमवारी गौतम सही करायला आला नाही. आम्ही सगळे आलो. अलकाबाई आल्या, त्यांचे यजमान जाहिरातींनी भरलेला फोन घेऊन आले. प्रतापराव तुमच्या ओळखीचे, तेही आमच्या बाजूनं उभे राहिले. तुम्ही 'बघू' म्हणालात आणि जेवायला गेलात. पोलिसांतली तक्रार तुम्ही दिली नाहीत, फाडूनही टाकली नाहीत. ती तुमच्या टेबलावर तशीच आहे, गौतमच्या डोक्यावर टांगलेली. काचीगुड्याचे दुकानदार त्याला अजून 'राहू दे' म्हणतात.

म्हणून हे लिहून, छापून वाटतोय. यंत्र माझं आहे, शाई माझी आहे.

मला तुमचा खेद नको. चहा नको. गौतमच्या नावानं पत्र हवं, आणि त्यात त्याचं पूर्ण नाव हवं, ज्या आवाजात विचारलंत त्याच आवाजात. आणि दोन प्रश्नांची उत्तरं हवीत.

एक बाई दवाखान्यात श्वासासाठी झगडत असताना, तुमच्या ऑफिसात बसून त्या पानावर 'शेंगदाणा' हा शब्द कोणी चढवला? त्याचं नाव सांगा.

आणि भामाताईच्या हातचं कुंकू असलेला, गौतमच्या हातचा खरा कोड असलेला, मी छापलेला तो एकुलता एक कागद. तो तुम्ही चौकटीतून काढलात. तो कुठं आहे, साहेब?